टॉलरन्स वाढवण्याआधी

आमची लायब्ररी दोन कामं करते: प्रयोगातून आलेल्या मोजमापांवर वक्र बसवते आणि विसरणाची (डिफ्यूजनची) समीकरणं सोडवते. गाभा सीमध्ये, वरचा थर पायथनमध्ये. बराच काळ टेस्ट ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर चालायच्या आणि पास व्हायच्या, कारण सगळ्यांचे लॅपटॉप जवळपास एकाच जातीचे होते. वापरणारे वाढले तसं प्रत्येक बदल तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि दोन प्रकारच्या प्रोसेसरवर आपोआप तपासून घ्यायचं ठरलं. सीआय (कंटिन्यूअस इंटिग्रेशन, म्हणजे ही आपोआप तपासणी) बसवण्याचं ते काम माझ्याकडे आलं.

सीआयची मांडणी सांगणारी यामेल फाइल लिहिणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. एखाद्या फॉर्मची टेस्ट असेल तर उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं. आकडेमोडीच्या कोडमध्ये 'बरोबर' म्हणजे किती बरोबर, हे टेस्ट लिहिणाऱ्यानं आधी ठरवावं लागतं. ते ठरवलेलं नसेल तर एकाच जातीच्या मशीनवर वर्षानुवर्षं कळत नाही. मशीन बदललं की लगेच कळतं.

पहिला लाल, म्हणजे फेल झालेला, रन आला तो एआरएम प्रोसेसरच्या मॅकवर. वर्गसमीकरणाची मुळं काढणारं एक छोटं फंक्शन आमच्याकडे आहे. दोन्ही मुळं समान असतील तेव्हा ते 'नॅन' (ही संख्याच नाही, असं उत्तर) देत होतं. इंटेलच्या मशीनवर तोच कोड, तेच इनपुट आणि चोख उत्तर. बरंच खणल्यावर गाडी प्रोसेसरच्या एफएमए या सूचनेपाशी येऊन थांबली. ही सूचना गुणाकार आणि बेरीज एका दमात करते आणि राउंडिंग शेवटी एकदाच करते. एआरएम ६४ च्या मूळ सूचनासंचातच ती आहे. एक्स८६-६४ च्या मूळ संचात ती नाही, म्हणून वेगळा फ्लॅग (कंपायलरला सांगायचा पर्याय) दिल्याशिवाय तिथला कंपायलर तिला हात लावत नाही.

आता 'बी वर्ग वजा चार एसी' ही राशी घ्या. मुळं समान असतात तेव्हा दोन्ही गुणाकार मुळात सारखेच असतात. दोन्ही वेगवेगळे राउंड झाले तर दोन्हींत तीच चूक होते आणि वजाबाकी शून्य येते. एफएमए वापरली की एक गुणाकार राउंड झालेला असतो आणि दुसरा पूर्ण अचूक. वजाबाकीत उरते ती राउंडिंगची चूक, आणि ती ऋणही असू शकते. ऋण संख्येचं वर्गमूळ काढायला गेलं की 'नॅन'.

गंमत अशी की एफएमए ही जास्त अचूक सूचना आहे. एकेक पायरी अधिक अचूक झाली आणि शेवटचं उत्तर हातचं गेलं, हे मला तेव्हा फार महत्त्वाचं वाटलं आणि आजही वाटतं. कंपायलरला हे एकत्रीकरण बंद करायला सांगता येतं, आणि तसं केलं असतं तर सीआय लगेच हिरवं झालं असतं. पण आमचा कोड स्वतःच्या फ्लॅगनी बिल्ड करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे तोच बग राहिला असता. शेवटी विल्यम कहान यांची पद्धत घेतली. १९८५ च्या आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे संगणकावरच्या अपूर्णांकी आकडेमोडीच्या, मानकामागचे मुख्य गणिती तेच, आणि त्या कामासाठी त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीत एफएमए दोनदा वापरतात: एकदा राउंडिंगची चूक नेमकी मोजायला आणि एकदा मुख्य वजाबाकीला. मग ती चूक परत मिळवून टाकायची. ओव्हरफ्लो किंवा अंडरफ्लो झाला नाही तर खरं उत्तर शून्य असताना गणितही शून्यच देतं, मशीन कुठलंही असो.

यानंतर एकामागून एक टेस्ट लाल व्हायला लागल्या. बहुतेक ठिकाणी फरक तेराव्या-चौदाव्या सार्थ अंकात होता. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, दहाच्या एका घातानं सैल करा आणि पुढे चला. पीआर (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) अडकलेला असतो, रिलीज जवळ आलेलं असतं, आणि आकडा बदलला की दिवा हिरवा होतो. मी या सल्ल्याच्या ठाम विरोधात होतो. सैल केलेला टॉलरन्स पुन्हा घट्ट करताना मी अजून कोणालाही पाहिलेलं नाही.

आधी टॉलरन्स म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं लागतं. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं असर्ट_ऑलक्लोज हे फंक्शन दोन आकडे घेतं, सापेक्ष टॉलरन्स आणि निरपेक्ष टॉलरन्स. मुभा मिळते ती निरपेक्ष टॉलरन्स अधिक सापेक्ष टॉलरन्स गुणिले अपेक्षित उत्तराचं केवल मूल्य, एवढी. काही न सांगितल्यास सापेक्ष टॉलरन्स दहाचा उणे सातवा घात असतो आणि निरपेक्ष टॉलरन्स शून्य. म्हणजे अपेक्षित उत्तर शून्य असेल तर मुभाही शून्य, आणि दहाचा उणे सतरावा घात एवढं इवलंसं उत्तर आलं तरी टेस्ट फेल. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या अप्रॉक्सचे डिफॉल्ट आकडे वेगळेच आहेत: सापेक्ष दहाचा उणे सहावा घात आणि निरपेक्ष दहाचा उणे बारावा. आमच्या काही टेस्ट एका पद्धतीनं लिहिलेल्या होत्या, काही दुसऱ्या. सारख्याच चुकीवर एक फाइल लाल आणि दुसरी हिरवी, असं त्यातून होत होतं.

पण मुख्य मुद्दा याच्या पलीकडचा आहे. किती अंक जुळायला हवेत हे सोडवायचा प्रश्नच सांगतो. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या अपूर्णांकी संख्यांत, १ आणि त्याच्या पुढची संख्या यांतलं अंतर सुमारे २.२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात. रेषीय समीकरणं सोडवताना ही चूक मॅट्रिक्सच्या कंडिशन नंबरपट (प्रश्न किती नाजूक आहे ते सांगणारा आकडा) वाढू शकते. दहा बाय दहाच्या हिल्बर्ट मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर सुमारे १.६ गुणिले दहाचा तेरावा घात आहे. गुणाकार केला की ३.५ गुणिले दहाचा उणे तिसरा घात, म्हणजे दोन-तीन अंकांपलीकडे हमी नाही. आमच्या एका टेस्टमध्ये अशाच मॅट्रिक्सच्या उत्तराचे आठ अंक तपासले जात होते. ते अंक एका विशिष्ट मशीनवर, एका विशिष्ट क्रमानं केलेल्या बेरजांचे होते. दुसऱ्या मशीनवर ते यावेत अशी अपेक्षा ठेवायला गणितात काहीच आधार नाही.

ती टेस्ट मी नव्यानं लिहिली. उत्तर साठवलेल्या आकड्यांशी ताडण्याऐवजी ते समीकरणात परत घातलं आणि डावी-उजवी बाजू किती जुळते ते मॅट्रिक्स आणि उत्तराच्या आकारमानांच्या तुलनेत मोजलं. गणिती जेम्स विल्किन्सन यांनी रुजवलेला बॅकवर्ड एररचा विचार तो हाच: मिळालेलं उत्तर मूळ प्रश्नाच्या किती जवळच्या प्रश्नाचं अचूक उत्तर आहे, हे विचारायचं. हा आकडा सगळ्या मशीनवर डबलच्या मर्यादेच्या आसपास आला. मुभा आधीपेक्षा कितीतरी घट्ट झाली, आणि तरी टेस्ट कुठेही डळमळली नाही. टीमनं तेव्हापासून नियम केला की टॉलरन्सचा आकडा कुठून आला ते त्या ओळीच्या वर लिहायचं, आणि कारण नसेल तर पीआर मर्ज करायचा नाही.

इथपर्यंतच्या टेस्ट निदान सातत्यानं लाल होत होत्या. पुढचा प्रकार जास्त छळणारा होता. कमिट तोच, सकाळी हिरवा, दुपारी लाल, पुन्हा चालवला की हिरवा. अशा टेस्टला लोक 'फ्लेकी' म्हणतात आणि रीरनचं बटण दाबतात. पण फ्लेकी हे वर्णन झालं, कारण नव्हे.

कारणाकडे नेलं एका साध्या गोष्टीनं. जॉबच्या सुरुवातीला मी एक पायरी घातली: प्रोसेसरचं मॉडेल छापा, नमपायचं शो_रनटाइम छापा, थ्रेडपूलसीटीएलनं कुठलं ब्लास (मॅट्रिक्सची मूलभूत गणितं करणारी लायब्ररी) लोड झालंय आणि त्यानं कुठला कर्नल (विशिष्ट प्रोसेसरसाठी लिहिलेला कोड) निवडलाय ते छापा. होस्टेड रनरवर, म्हणजे सीआय सेवेनं पुरवलेल्या मशीनवर, आपल्याला प्रत्येक वेळी तेच मशीन मिळत नाही. कधी इंटेल, कधी एएमडी, कधी एव्हीएक्स-५१२ (एका वेळी अनेक संख्या हाताळणाऱ्या सूचना) असलेलं, कधी नसलेलं. आमच्याकडचं ब्लास, म्हणजे ओपनब्लास, चालू होताना प्रोसेसर ओळखतं आणि त्याला साजेसा कर्नल उचलतं. कर्नल बदलला की एका वेळी किती संख्या गुणायच्या आणि कुठल्या क्रमानं मिळवायच्या ते बदलतं, आणि फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. दहाच्या सोळाव्या घातात १ मिळवा आणि तोच घात वजा करा: उत्तर शून्य येतं. आधी वजा करून मग १ मिळवा: उत्तर १.

लॉग गोळा होत गेले तसं चित्र स्पष्ट झालं. लाल रन सगळे एव्हीएक्स-५१२ च्या मशीनवरचे होते. तसं एक मशीन मिळवून तिथे ओपनब्लासला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनं जुना हॅसवेल कर्नल घ्यायला लावला, आणि लाल गायब झालं. तो व्हेरिएबल काढला की पुन्हा हजर. ज्या क्षणी बिघाड हवा तेव्हा आणता आणि घालवता यायला लागला, त्या क्षणी माझी अर्धी चिंता मिटली.

टेस्ट होती सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशनची (मॅट्रिक्स तीन भागांच्या गुणाकारात फोडण्याची), आणि ती सिंग्युलर व्हेक्टरचे घटक थेट ताडत होती. डाव्या-उजव्या व्हेक्टरच्या जोडीची दिशा एकदम उलटी केली तरी डिकम्पोझिशन तितकीच खरी असते. दोन सिंग्युलर व्हॅल्यू समान असतील तर त्या प्रतलात दोन्ही बाजूंचे व्हेक्टर एकत्र कसेही फिरवा, सगळी उत्तरं बरोबर. एका कर्नलनं अधिक चिन्ह दिलं होतं, दुसऱ्यानं उणे. आता आम्ही तिन्ही भाग गुणून मूळ मॅट्रिक्स परत मिळतो का, स्तंभ एकमेकांना लंब आहेत का आणि व्हेक्टरनी व्यापलेला अवकाश तोच आहे का, एवढं तपासतो. आयगेनव्हेक्टरच्या टेस्टनाही तोच न्याय लावला.

थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची) भानगड थोडक्यात सांगतो. टेस्ट वेगानं व्हाव्यात म्हणून पायटेस्ट अनेक वर्करवर चालवत होतो, आणि प्रत्येक वर्करमधलं ब्लास स्वतःचे थ्रेड काढत होतं. त्यात कंटेनरच्या (मशीनवरच्या वेगळ्या केलेल्या कप्प्याच्या) आत ओएस.सीपीयू_काउंट विचारलं तर होस्टचे सगळे कोअर मोजले जातात. कंटेनरला दिलेला कोटा त्यात दिसत नाही. दोन कोअरच्या वाट्यावर डझनावारी थ्रेड भांडत बसायचे आणि जॉब टाइमआउटला जायचा. टेस्टच्या जॉबमध्ये ओपनब्लास आणि ओपनएमपी दोन्हींचे थ्रेड १ वर बांधले. हे व्हेरिएबल लायब्ररी लोड होण्याआधी लावावे लागतात, नंतर लावून उपयोग नसतो. वापरणारे मात्र अनेक थ्रेडवरच चालवणार, म्हणून एक वेगळा जॉब मुद्दाम अनेक थ्रेडचा ठेवला.

आणि आता ती टेस्ट, जिच्यामागे सगळ्यात जास्त वेळ गेला. संभाव्यतेच्या वितरणाच्या अगदी टोकाला फार लहान संख्या येतात. डबलमधली सर्वांत लहान नॉर्मल संख्या सुमारे २.२ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात. त्याखाली सबनॉर्मल संख्या असतात, त्या साधारण ४.९ गुणिले दहाचा उणे ३२४ व्या घातापर्यंत जातात. आमची टेस्ट या पट्ट्यातली एक किंमत काढून तिचा लॉग घेत होती. एकटी चालवली की पास. टेस्टचा सगळा संच चालवला की ती किंमत शून्य, आणि लॉग उणे अनंत.

क्रमावर अवलंबून असलेली टेस्ट म्हणजे आधीच्या कुठल्या तरी टेस्टनं मागे काहीतरी ठेवलंय. संच अर्धा करत, पुन्हा अर्धा करत गेलो. उरली ती आलेख काढण्याची एक टेस्ट, जिचा संभाव्यतेशी काही संबंध नव्हता. तिच्यातल्याही ओळी कमी करत गेलो तेव्हा शेवटी एक इम्पोर्ट राहिलं. इम्पोर्टच्या आधी सर्वांत लहान सबनॉर्मल संख्या १ नं गुणली तर तीच संख्या येत होती. इम्पोर्टनंतर शून्य.

त्या पॅकेजमधली एक शेअर्ड लायब्ररी फास्ट-मॅथ (अचूकतेपेक्षा वेगाला महत्त्व देणारा) फ्लॅग देऊन बिल्ड केलेली होती. जीसीसी या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्या हा फ्लॅग देऊन लिंक केलं की सुरुवातीला चालणारा एक तुकडा जोडतात. तो प्रोसेसरच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये सबनॉर्मल संख्या शून्य धरण्याचे दोन बिट चालू करतो. ते बिट त्या लायब्ररीपुरते राहत नाहीत. लोड करणारा थ्रेड आणि त्यानं पुढे काढलेले थ्रेड, सगळ्यांचंच गणित बदलतं. २०२३ मध्ये आलेल्या जीसीसी १३ पासून शेअर्ड लायब्ररीला हा तुकडा जोडणं बंद झालं आहे, पण आधी बिल्ड झालेली पॅकेजेस वापरात आहेतच.

नमपायनं हे आधीच सांगितलं होतं. फ्लोट६४ ची सर्वांत लहान सबनॉर्मल संख्या शून्य येतेय, अशी वॉर्निंग लॉगमध्ये होती, शेकडो इतर वॉर्निंगांच्या खाली. त्यानंतर आम्ही सीआयमध्ये वॉर्निंग म्हणजे एरर असं केलं. ज्या वॉर्निंग खरोखर निरुपद्रवी आहेत त्या एकेक करून नावानिशी वगळल्या. यात बराच घाम गेला, पण लॉग वाचण्यासारखा झाला. शिवाय संचाच्या अगदी शेवटी एक टेस्ट ठेवली, जी सबनॉर्मल अजून जिवंत आहेत ना एवढंच पाहते.

यादृच्छिक संख्यांच्या टेस्टबद्दल मात्र कागदावर हिशेब करून पाहा. सरासरी तीन सिग्माच्या (प्रमाण विचलनांच्या) आत आहे का, अशी तपासणी सगळं बरोबर असतानाही ०.२७ टक्के वेळा फेल होते. अशा स्वतंत्र तपासण्या २०० असतील आणि प्रत्येक रनला बीज (यादृच्छिक क्रम जिथून सुरू होतो ती संख्या) नवं असेल, तर दर रनला निदान एक खोटा इशारा येण्याची शक्यता ४२ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून पीआरवर बीज पक्कं, आणि रात्रीच्या रनमध्ये बीज नवं, लॉगमध्ये छापलेलं, मर्यादा पाच सिग्मा. बीज पक्कं असलं तरी त्यातून निघालेले आकडे साठवून ठेवू नयेत. नमपायचा नवा जनरेटर आवृत्ती बदलल्यावर तोच क्रम देईल अशी हमी देत नाही.

विंडोजवर एक वेगळंच निघालं. नमपाय २.० येईपर्यंत तिथला डिफॉल्ट पूर्णांक ३२ बिटांचा होता. समीकरण सोडवायच्या जाळीची बाजू ४६,३४१ झाली की तिचा वर्ग ३२ बिटांत मावत नाही, आणि तो गुपचूप ऋण होतो. २०२४ मधल्या २.० पासून ६४ बिटांच्या विंडोजवरही डिफॉल्ट ६४ बिटांचा आहे. आम्हाला जुन्या आवृत्त्याही सांभाळायच्या असल्यानं अशा ठिकाणी प्रकार स्पष्ट लिहिला. लाँग डबल हा संख्येचा प्रकार तर वापरातून काढूनच टाकला. एक्स८६ लिनक्सवर तो ८० बिटांचा, ६४ बिटांच्या एआरएम लिनक्सवर १२८ बिटांचा, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर साध्या डबलएवढाच. अशा प्रकारावर टेस्टचं संदर्भ-उत्तर उभं करणं मला पटत नाही. संदर्भ हवा तिथे एमपीमॅथ या हव्या तितक्या अंकांनी गणित करणाऱ्या लायब्ररीनं पन्नास अंकांपर्यंत काढून घेतो.

वेग मोजण्याचा आग्रह सीआयमध्ये मी सोडला. शेजारी कुणाचं काय चाललंय हे माहीत नसलेल्या सामायिक मशीनवर दहा टक्क्यांचा फरक म्हणजे काहीच नाही. ते काम एका राखीव मशीनवर आठवड्यातून एकदा होतं.

हे सगळं स्थिरावल्यावर साठवलेल्या आकड्यांच्या फाइली माझ्या डोळ्यांत खुपायला लागल्या. विसरणाच्या समीकरणाच्या टेस्ट जुन्या रनमधून जपून ठेवलेल्या उत्तरांशी ताडल्या जात होत्या. ते आकडे कुठून आले याची नोंद नव्हती. आले असणार आमच्याच कोडमधून. म्हणून ज्यांचं अचूक उत्तर सूत्रानं लिहिता येतं असे प्रश्न निवडले आणि अभिसरणाचा वेग तपासायला घेतला. आमची पद्धत दुसऱ्या कोटीची आहे, म्हणजे जाळीतलं अंतर निम्मं केलं की चूक चौथ्या हिश्श्यावर यायला हवी. जाळी फार बारीक केली तर राउंडिंगची चूक वर येते आणि फार ढोबळ ठेवली तर हा नियम अजून लागू झालेला नसतो, त्यामुळे मधला पट्टा शोधावा लागतो. तो सापडला की प्रत्येक पायरीला गुणोत्तर चारच्या आसपास येतं का एवढं पाहायचं. या तपासणीला कर्नल, कंपायलर, थ्रेड कशाचंच सोयरसुतक नाही.

कडेला किंमत ठरलेली असते त्या प्रश्नांत गुणोत्तर सगळीकडे चारच्या जवळ आलं. कडेला उतार ठरलेला असतो त्या प्रश्नांत ते आलं दोन. लिनक्सवर दोन, मॅकवर दोन, विंडोजवर दोन. कडेवरचा उतार फक्त आतल्या बाजूच्या एका बिंदूवरून काढला जात होता. ते सूत्र पहिल्या कोटीचं आहे आणि त्यानं सगळं उत्तर पहिल्या कोटीवर ओढून आणलं होतं. साठवलेल्या आकड्यांमध्ये तीच चूक शिजलेली असल्यानं जुनी टेस्ट प्रत्येक मशीनवर पास होत होती. कडेबाहेर एक काल्पनिक बिंदू धरून उतार दोन्ही बाजूंनी काढला, तेव्हा गुणोत्तर चारच्या जवळ आलं आणि त्याच रनमध्ये साठवलेल्या आकड्यांच्या टेस्ट एकजात लाल झाल्या. त्या फाइली त्याच पीआरमध्ये काढून टाकल्या. द्विमितीय प्रश्नांच्या फाइली अजून शिल्लक आहेत. त्यांतल्या कोपऱ्यांसाठी अचूक उत्तर असलेले प्रश्न जुळवणं सध्या चालू आहे.